दोन आसनांचा रथ

पुण्याच्या एका सुशिक्षित गृहस्थांचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांचा धाकटा मुलगा इंजिनिअर असून सहकुटुंब इंग्लंडांत राहतो. येत्या उन्हाळ्यापूर्वीं एक जुनी, उघड्या टपाची, दोनच आसनांची मोटार विकत घ्यावी, असा त्याचा बेत आहे. गृहस्थ विचारतात, 'आमच्या घरांत लहानथोर मिळून अकरा माणसें आहेत. पुढील वर्षीं आम्ही उभयतां मुलाकडे जाणार. जींत आई आणि बाप एकदम बसूं शकत नाहींत अशी गाडी घेण्याची बुद्धि त्याला व्हावी, ह्याचा अर्थ आम्हीं काय समजावा?' पत्राच्या शेवटीं त्यांनीं असेंहि लिहिलें आहे कीं, गेले दोन महिने ते मुलाशीं हवापाण्यापलीकडे कांहींएक बोललेले नाहींत.

हें दुःख मोटारीचें नसून जागेचें आहे, हें उघड आहे; आणि एकत्र कुटुंबांत वाढलेल्या कोणासहि तें समजण्याजोगें आहे. पंगतींत एक पाट कमी पडला, तो कोणाचा, एवढ्यावरून वर्ष-वर्ष चाललेला अबोला आम्हीं पाहिलेला आहे. योगायोगानें ह्या जातीच्या मोटारीचा आम्हांस थोडा परिचयहि आहे. २०२३ सालच्या उन्हाळ्यांत आम्ही आमच्या पुतण्याकडे कॉव्हेंट्री येथें दहा आठवडे राहिलों होतों, आणि त्याच्या दारांत अशीच एक गाडी उभी असे. तेव्हां आज ह्या सदरांत संधि-समास बाजूस ठेवून मोटारीचा विचार करूं.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, दोघांपुरतें वाहन ही कांहीं साहेबाच्या डोक्यांतून निघालेली कल्पना नव्हे. आपल्या पुराणांतला युद्धाचा रथ तरी किती माणसांचा? रथी आणि सारथि, ह्या दोघांचा. बिऱ्हाड हलवावयाचें तर शकट होता, बैलगाडी होती. रथाकडून ती अपेक्षा कोणीं केलीच नाहीं. वनपर्वांतील नलोपाख्यान आमच्या वाचकांस परिचित आहे. बाहुकाच्या रूपांतील नल अयोध्येच्या ऋतुपर्ण राजास घेऊन विदर्भाकडे निघाला आहे, आणि एका दिवसांत कुंडिनपूर गांठावयाचें आहे. वाटेंत राजाचें उत्तरीय उडून खालीं पडतें. तें उचलून आणावें म्हणून राजा रथ थांबविण्यास सांगतो, तोंच नल म्हणतो कीं, तें वस्त्र आतां योजनभर मागें राहिलें. (त्या रथांत वार्ष्णेय म्हणून तिसरा इसम होता, हें आम्हांस ठाऊक आहे, चिकित्सक वाचकांनीं पत्र पाठविण्याची तसदी घेऊं नये.) उघड्या वाहनाचें सुख आणि त्याची अडचण, दोन्ही त्या एका प्रसंगांत आलीं आहेत. आणि त्या प्रवासांत राजा व वार्ष्णेय हे दोघेहि विस्मित होतात, ते सारथ्याच्या हातोटीनें.

जपानी भाषेंत 'जिन्बा इत्ताइ' असा एक शब्दप्रयोग आहे. घोडा आणि स्वार एकरूप होणें, असा त्याचा अर्थ. हिरोशिमाच्या माझ्दा कंपनीनें एम्‌एक्स-५ नांवाची दोन आसनांची उघडी मोटार घडवितांना हाच शब्द आपल्या कारागिरांपुढें ठेवला होता. नलाच्या अश्वविद्येचें ह्याहून थोडक्यांत भाषांतर आम्हांस करतां आलें नसतें.

ह्या मोटारीचें माहेर मात्र इंग्लंड. १९४५ सालीं महायुद्ध संपलें, त्याच वर्षीं एम्‌जी कंपनीनें टीसी नांवाची गाडी काढली. उंच बारीक चाकें, लांब नाक, कापडी टप, आणि आंत दोघांपुरती जागा. इंग्लंडांत आलेल्या अमेरिकन सैनिकांस तिची गोडी लागली. पुढें त्याच कंपनीची एम्‌जीबी १९६२ पासून १९८० पर्यंत ॲबिंग्डन येथें बनत होती, आणि तिचे सर्व प्रकार मिळून पांच लाखांवर गाड्या विकल्या गेल्या. आमचा पुतण्या राहतो त्या कॉव्हेंट्रींतच ट्रायम्फच्या गाड्या होत असत. १९६२ सालची लोटस एलान तर हलकेपणाबद्दल आजहि जाणत्यांच्या तोंडीं आहे. पण सत्तर सालानंतर ह्या घराण्यास उतरती कळा लागली. तेल गळणें, विजेच्या तारांची कटकट, गंज, आणि अमेरिकेंत आलेले सुरक्षिततेचे नवे नियम, ह्यांनीं ती मोडकळीस आली. १९८० सालीं ॲबिंग्डनचा कारखाना बंद पडला.

त्या सुमारास बॉब हॉल नांवाच्या अमेरिकन पत्रकारानें माझ्दाच्या केनिची यामामोटो ह्यांना सुचविलें होतें कीं, इंग्रजी धर्तीची साधी, हलकी, उघडी गाडी आतां कोणी करीत नाहीं, ती तुम्ही करा. दहा वर्षांनीं, फेब्रुवारी १९८९ मध्यें, शिकागोच्या प्रदर्शनांत ती लोकांपुढें आली. इंजिन १.६ लिटरचें, शक्ति ११५ अश्वांच्या आसपास, वजन हजार किलोंच्या आंत. घराण्याचे गुण सारे घेतले आणि तेल गळण्याचा गुण तेवढा वगळला, असें आमचा पुतण्या म्हणतो. तिचें यश पाहून १९९५-९६ च्या सुमारास बीएमडब्ल्यू, मर्सिडिझ, पोर्शे, फिआट आणि खुद्द एम्‌जी ह्यांनींहि आपापल्या दोन-आसनी गाड्या बाजारांत आणल्या. त्यांतल्या बहुतेक आज इतिहासजमा आहेत. माझ्दाची दहा लाखावी गाडी एप्रिल २०१६ मध्यें कारखान्याबाहेर पडली.

आतां निवडीचा विचार. अश्वशक्ति किती, हें लोक आधीं विचारतात. आमच्या मतें आधीं वजन विचारावें. हलकी गाडी वळणावर अंग टाकीत नाहीं, तिला थांबविण्यास बळ लागत नाहीं, तिचे टायर व ब्रेक पुष्कळ दिवस टिकतात, आणि मुख्य म्हणजे तिचें सुख कायद्याच्या वेगांतच हातीं लागतें. दोन टनांची गाडी ताशीं ऐंशीं मैल जाऊं लागेपर्यंत चालविणाऱ्यास कांहीं कळत नाहीं, आणि कळूं लागतें तोंवर पोलिसालाहि कळलेलें असतें. एम्‌जीचें नांव आतां एका चिनी कंपनीकडे आहे. तिची सायबरस्टर ही विजेवर चालणारी दोन आसनांची उघडी गाडी जुलै २०२५ मध्यें भारतांत विक्रीस आली, तेव्हां तिची किंमत पाऊण कोटीच्या घरांत होती. शक्ति पांचशेंवर अश्वांची आणि वजन दोन टनांच्या आसपास. दारें गरुडाच्या पंखांसारखीं वर उघडतात. प्रदर्शनीय वस्तु आहे ह्यांत शंका नाहीं. पण टीसीची ती पणती आहे असें कोणीं सांगितलें, तर आम्ही तिची कुंडली पुन्हां मांडावयास सांगूं.

दुसरी गोष्ट, इंजिन पुढें आणि जोर मागच्या चाकांस असावा, म्हणजे सुकाणूचें चाक हातांत जिवंत वाटतें. गिअर हातानें टाकण्याचे असावेत. टप कापडी असावा व हातानें उघडणारा असावा. दोन आंकडे सोडले, मागें लोटला, कीं झालें. विजेवर उघडणारें कठीण छप्पर सोयीचें खरें, परंतु त्यानें वजन वाढतें, आणि तें अर्ध्यावर अडकलें कीं मालकाचें तोंडहि तसेंच उघडें राहतें.

एम्‌एक्स-५ च्या आजवर चार पिढ्या झाल्या. पहिलीचे दिवे लावतांच डोळ्यांसारखे वर येतात. तिची मागची खिडकी प्लॅस्टिकची. टप पाडण्यापूर्वीं तिची चेन सोडावी लागते, नाहींतर घडी पडून ती तडकते. १९९८ सालीं दुसरी आली. दिवे स्थिर झाले व मागें कांच बसली. तिसरी २००५ सालची, अंगानें थोडी भरलेली, पण लांब पायांच्या माणसास बरी. २०१५ पासूनच्या चौथीचें वजन कंपनीनें पुन्हां हजार किलोंच्या आसपास आणलें, आणि तिचा टप बसल्या जागेवरून एका हातानें मागें टाकतां येतो. बेताच्या पैशांत घ्यावयाची तर दुसरी किंवा तिसरी पाहावी. पहिलीला आतां जुन्या वस्तूंचे शौकीन भाव चढवीत आहेत.

जुनी गाडी घेतांना इंजिनावर भाळूं नये. इंजिन टिकाऊ असतें. खरा शत्रु गंज. इंग्लंडांत हिवाळ्यांत रस्त्यावर बर्फ धरूं नये म्हणून मीठ टाकतात, आणि तें मीठ गाडीच्या पोटाला लागतें. मागच्या चाकांच्या लगत पुढें, दाराखालचा जो उंबरा, तेथें बोटांनीं दाबून पाहावें. फुगवटा लागला कीं आंत पोकळ आहे असें समजावें. दुसऱ्या पिढीच्या गाडीचे पोटाखालचे पुढचे आधारहि असेच सडतात, म्हणून ती उचलून खालून पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत. आणि एक खुबी पुतण्यानें आम्हांस दाखविली. टप जेथें दुमडतो तेथें दोन्ही अंगांस पावसाचें पाणी जाण्यासाठीं एकेक नळी असते. पाला व धूळ अडकून ती तुंबली, कीं पाणी बाहेर न पडतां उंबऱ्यांत मुरतें. आपल्याकडे कौलारू घराची पन्हळ तुंबली म्हणजे भिंत आंतून फुगते, तशांतला प्रकार. पेलाभर पाणी हळूच त्या नळींत ओतावें आणि खालीं चाकापाशीं तें पडतें कीं नाहीं तें पाहावें. पाणी पडलें नाहीं, तर आसनामागचा गालिचा उचलून वास घ्यावा.

त्या देशांत तीन वर्षांवरील मोटारीची दरसाल सक्तीची परीक्षा होते. तिला एम्‌ओटी म्हणतात. गाडीचा क्रमांक घातला कीं मागील परीक्षांचे निकाल सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहावयास मिळतात. आमचा सारा जन्म प्रगतिपुस्तकें भरण्यांत गेल्यामुळें आम्हांस ही सोय फार आवडली. पुतण्यानें टाकून दिलेल्या एका गाडीच्या नांवावर लागोपाठ तीन वर्षें 'गंज' असा शेरा होता आणि चौथ्या वर्षीं एकाएकीं पाटी कोरी! खालीं वाकून पाहिलें, तर गंजावरच काळा लेप फांसलेला. असे विद्यार्थी आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. ह्याखेरीज, पहिल्या दोन पिढ्यांच्या इंजिनांत टायमिंगचा पट्टा असतो, तो साठ हजार मैलांच्या सुमारास बदलावा लागतो. बदलल्याची पावती मागावी. टायरच्या कडेला चार आंकडे असतात, त्यांतले पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन सालाचे. रविवारीं तेवढी फिरणाऱ्या गाडीच्या टायरची नक्षी नवी दिसते, पण रबर म्हातारें झालेलें असतें.

शेवटीं पुतण्यास २००१ सालची, दुसऱ्या पिढीची, हिरवी गाडी तीन हजार पौंडांच्या आंत मिळाली. घरांत सूनबाईची पांच जणांची नेहमींची मोटार आहेच. शाळा, दवाखाना, वाणसामान हें सारें तिच्यावर चालतें. आमच्या मतें हें आवश्यक आहे. जेथें एकच गाडी ठेवण्याची ऐपत आहे, तेथें दोन आसनांची घेणें म्हणजे भाताऐवजीं लोणचें वाढणें होय.

आपल्या इकडे हा नाद कठीण. एम्‌एक्स-५ भारतांत कंपनीमार्फत कधीं विकली गेली नाहीं. १९९८ सालीं सॅन स्टॉर्म नांवाची दोन आसनांची उघडी गाडी निघाली होती, ती गोव्यांत तयार होई. पण तिचा संसार फुलला नाहीं. शिवाय चार महिने पाऊस, चार महिने ऊन, आणि उरलेल्या दिवसांत पुढच्या मालमोटारीचा धूर. कार्तिकापासून माघापर्यंतच्या पहांटा तेवढ्या उरतात.

त्या उन्हाळ्यांत कॉव्हेंट्रीस आम्ही तिघें पाहुणे होतों: आम्ही, आमचें कुटुंब आणि आमच्या थोरल्या वहिनी, म्हणजे पुतण्याची आई. तिघें पाहुणे आणि आसन एकच. पहिला मान वयानें वहिनींचा. पण 'भाऊजी, आधीं तुम्ही जाऊन या, मग मी ठरवीन,' असें म्हणून त्यांनीं आम्हांसच पुढें केलें. जूनमध्यें तेथें पांचाच्या आंत उजाडतें. आम्ही कानटोपी घातली, ऋतुपर्णाची आठवण ठेवून उपरणें कमरेस खोंचलें, आणि अक्षरशः जमिनीवर बसल्यासारखे त्या गाडींत बसलों. रोमन लोकांनीं आंखलेला फॉस वे नांवाचा रस्ता तेथून दक्षिणेस कॉट्सवोल्डच्या टेकड्यांकडे जातो. मधाच्या रंगाच्या दगडांचीं घरें, दोन्ही बाजूंस कुंपणाची झाडी, पलीकडे मेंढरें. बंद गाडींतून हें सारें चित्रासारखें दिसतें. उघड्या गाडींत त्याचा वास येतो. कापलेलें गवत, ओली माती, एका गांवांत भट्टींतून निघालेला पाव, दुसऱ्यांत शेणखत. खोलगट जागीं शिरतांच हवा गार होते आणि चढावर पुन्हां कोमट. पायांवर उबेची झोत सोडलेली आणि डोक्यावर थंड आकाश, हें सुख आम्हांस शब्दांनीं सांगतां येत नाहीं. थंडीच्या दिवसांत अंगणांत शेगडीजवळ बसून पाहावें. चाळीस मैलांचा वेग सत्तरासारखा भासतो. पुतण्याचा हात गिअरवर मनगटापुरताच हालत होता, आणि पुढचें वळण येण्यापूर्वीं इंजिनाचा स्वर बदलत होता. तो शाळेंत असतांना त्याला रूपें पाठ करवितांना आम्हीं जी एकाग्रता शोधली, ती ह्या रस्त्यावर सांपडली.

पुढल्या रविवारीं वहिनी गेल्या. तासाभरांत येतों म्हणून मायलेक निघाले, ते चार तासांनीं परतले. ब्रॉडवेच्या टेकडीवर जुना मनोरा आहे, त्याच्या पायथ्याशीं बसलों होतों, एवढेंच पुतण्यानें सांगितलें. आमचे थोरले बंधु वारले त्याच वर्षीं हा मुलगा परदेशीं गेला होता. त्या दिवसांविषयीं मायलेकांत कधीं कांहीं बोलणें झाल्याचें आम्हांस ठाऊक नाहीं. आमच्या घरांत तेव्हां चौदा माणसें होतीं. आई स्वयंपाकघरांत, मुलगा काकांच्या पंगतींत, आणि रात्रीं माजघरांत सर्वांच्या अंथरुणांची एक रांग. दोघांनाच बोलतां येईल अशी जागा त्या वाड्यांत नव्हती, आणि ती असावी असें आम्हां वडीलधाऱ्यांपैकीं कोणाच्या मनांतहि आलें नाहीं. रात्रीं वहिनी आमच्या कुटुंबास म्हणाल्या, 'अगं, ह्या मुलाशीं मी एकटी इतका वेळ कधीं बोललेंच नव्हतें. एकोणचाळीस वर्षांचा झाला तो.' नंतर दर रविवारीं त्या सकाळींच पदर खोंचून, डोक्यास रुमाल बांधून तयार असत, आणि आमची पाळी बुडे. आम्हीं तक्रार केली नाहीं.

तेव्हां पत्रलेखक गृहस्थांस आमचें सांगणें असें. मुलानें आईबापांस वगळण्यासाठीं ही गाडी निवडली, असा अर्थ ह्यांतून निघत नाहीं. त्याच्या घरीं दुसरी गाडी आहे कीं नाहीं, एवढें विचारून घ्यावें. ती असेल तर आपण उभयतां तींत मागें ऐसपैस बसाल. मग त्यास कळवावें कीं, उंबरे दाबून पाहा, पट्ट्याची पावती माग, टपाच्या नळ्यांत पाणी ओतून पाहा. वडिलांचें असें पत्र आलें म्हणजे दोन महिन्यांचा अबोला कसा मोडावा, हा प्रश्न उरणार नाहीं. पुढील वर्षीं तेथें गेल्यावर पहिल्या सकाळीं आपण घरींच थांबून नातवंडांस दूध द्यावें आणि मुलाच्या आईला आधीं जाऊं द्यावें. दुसरी सकाळ आपली. कानटोपी मात्र येथूनच न्यावी. तेथें जूनमध्येंहि पहांटेचा वारा बोंचतो, आणि तिकडे मिळते ती टोपी कानांवर येत नाहीं.